संत्री खाणारा याक

"आवाज तिचा आहे, गोष्ट तिची नाही. बंद करा ते. आधी बंद करा."

हेडफोन टेबलावर आपटले आणि खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन धडकली. कोलोनमधल्या आमच्या संस्थेत माणसं खोकतानासुद्धा आधी परवानगी घेतात. त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ही मुलगी हिंदीत ओरडत होती, आणि ओरडत होती माझ्यावर. ऱ्हाइन नदी त्या दुपारी दोन बोटं मागे सरकली म्हणतात. सरकली नसेल तर तिला ऐकू येत नसणार.

मी उठून ध्वनिमुद्रण थांबवलं. तोंडावर माझं नेहमीचं हसू होतं. ते अशा वेळी आपोआप येतं आणि मग जायचं नाव घेत नाही.

"बेटा, बसा जरा," मी म्हणालो. "पाणी घ्या."

"मला पाणी नको. मला माझ्या आजीची गोष्ट पाहिजे."

मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची. श्टुटगार्टच्या एका वृद्धाश्रमात नर्स होती, सकाळच्या गाडीने खास यासाठी आली होती. तिची आजी, जिला मी अम्मा म्हणायचो, हिमाचलात अगदी वर, जिथे रस्ता कंटाळून संपतो तिथल्या एका खेड्यात राहायची. त्या खेड्याची एक स्वतःची भाषा आहे. बोलणारे एवढे थोडे, की एका लग्नात सगळे जेवून उठतात. ती भाषा नोंदवून ठेवणं हे माझं काम. अम्मा माझी मुख्य माहितीदार होती. आदल्या हिवाळ्यात ती गेली.

नातीला सहाव्या वर्षी खालच्या गावी होस्टेलमध्ये घातलं होतं. त्यांच्या घरात आईकडून मुलीकडे येणारी एक गोष्ट होती, घराची गोष्ट. त्यांच्यातली पहिली बाई त्या डोंगरावर कुठून आली, चूल कशी पेटवली, असं काहीतरी. नातीची आई लवकर गेली, आणि नात सुट्टीत यायची ती उन्हाळ्यात. ती गोष्ट मात्र फक्त बर्फात सांगायची असते. पुढे कॉलेज, नर्सिंग, जर्मन भाषेच्या परीक्षा. गोष्ट राहून गेली. "रोज सात-आठ आज्यांना आंघोळ घालते," तिने मला मेलमध्ये लिहिलं होतं. "सगळ्या आपापल्या गोष्टी सांगतात. माझ्या आजीची तेवढी माझ्याकडे नाही. तुमच्या कॅटलॉगमध्ये तिचं नाव दिसलं."

मी काय उत्तर दिलं असेल? सभ्य माणूस म्हणाला असता, तपासून कळवतो. मी दहा मिनिटांत लिहिलं: 'तुमच्या आजीच्या एक नाही, सात कथा आमच्याकडे आहेत. या, मी स्वतः ऐकवतो.'

आता त्या सात कथांचं सांगतो. सांगायला तोंड उघडत नाही, पण माझं तोंड न उघडल्याचा प्रसंग माझ्या बायकोलाही आठवत नाही, तेव्हा उघडतोच.

मी नागपूरचा. आमच्या वस्तीत दोन गोष्टींची कमतरता कधीच नव्हती, एक ऊन आणि दुसरी थापा. आजोबा कापड गिरणीत होते आणि वस्तीतले अधिकृत थापाडे होते. मी त्यांच्याकडून तोच वारसा घेतला, त्यावर पीएचडी चढवली आणि जर्मनीत आलो. भाषा नोंदवायचा प्रोयेक्ट, म्हणजे प्रकल्प, मिळाला आणि मी त्या खेड्यात पोचलो. तिथे गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. मी आत जाऊन त्रिवार वंदन केलं, बुद्धं सरणं म्हटलं, तर लामा चकित. खाली मैदानातही बुद्धाला मानणारे लोक आहेत, हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिला मीच पहिला. गावभर बातमी झाली की आपल्यापैकीच कोणी लांबून आलाय. मला अम्माच्या घरी चुलीजवळची जागा मिळाली, जी लामाला मिळते. त्या जागेने माझं डोकं फिरलं. मी दोन चहांतच पाहुण्याचा जावई झालो.

मग बर्फ आला. रस्ता बंद. बर्फ एवढा, की गावातली उंच माणसं टोप्यांवरून ओळखावी लागत. सूर्य चार वाजताच डोंगराआड जायचा, आणि रोज चार वाजता अम्मा, मी आणि गावातले शाळामास्तर चुलीपाशी बसायचो. मास्तर दुभाषे. मला अम्माची भाषा तेव्हा नाक, कान, शेळी, लोणी एवढीच येत होती. अम्मा हिंदी समजायची, पण बोलायची मोजकं.

पहिल्या दिवशी मी यंत्र लावलं आणि म्हणालो, "अम्मा, एखादी जुनी गोष्ट सांगा." अम्माने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "आधी पाहुण्याने सांगायची असते. इथली रीत आहे."

मला आणखी काय पाहिजे होतं?

मी आजोबांच्या रेड्याची गोष्ट सांगितली. आजोबांनी रेडा फक्त रस्त्यात पाहिला होता, पण गोष्टीत तो त्यांचा. त्या रेड्याची शिंगं एवढी मोठी, की एका संध्याकाळी त्याने भलत्या वेळी मान वर केली आणि मावळता सूर्य दोन शिंगांच्या मध्ये अडकला. तीन दिवस संध्याकाळ झाली नाही. गिरणीचा भोंगा वाजेना, पाळी सुटेना, कोंबडे आरवू की नको विचारायला घरोघर फिरू लागले. शेवटी आजोबांनी त्याच्यापुढे टोपलीभर संत्री ओतली, रेड्याने खायला मान खाली घातली आणि सूर्य घरंगळून पलीकडे पडला.

अम्मा हसली नाही. नीट ऐकलं, आणि मग तीच गोष्ट तिच्या भाषेत मला परत सांगितली. हीसुद्धा रीत. आपण शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाही ना, तसं पाहुण्याची गोष्ट घरधनीण आपल्या शब्दांत घालून परत करते, म्हणजे ती पोचली. परत आली तेव्हा रेड्याचा याक झाला होता, गिरणी गेली होती आणि गोंपाचा कर्णा आला होता. संत्री तेवढी तशीच राहिली. तिथे जर्दाळू होतात, संत्री कुणी पाहिलेली नाहीत. अम्माने माझाच हिंदी शब्द उचलून ठेवून दिला.

किती सुंदर सांगितलं तिने. मी नुसता फुगलो. दुसऱ्या दिवशी दुसरी थाप, तिसऱ्या दिवशी तिसरी. सात दिवस, सात थापा. सात वेळा अम्माने त्या धुऊन, घडी घालून परत केल्या. आठव्या दिवशी रस्ता उघडला आणि मी सामान बांधलं.

कोलोनला घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी चिरत होती. "अहो," ती म्हणाली, "सातही दिवस तुम्हीच बोलत होतात. त्या म्हाताऱ्या बाईला बोलू तरी दिलंत का?"

"तीच तर बोलली. यंत्रात तिचाच आवाज आहे."

"गोष्टी कोणाच्या पण?"

आमची मुलगी तिथेच बसली होती, आठ वर्षांची, जन्म इथलाच. माझी कुठलीही गोष्ट संपली की ती एकच विचारते, "पापा, श्टिम्ट दास?" म्हणजे, हे खरं का. तेव्हाही तिने तेच विचारलं. मी म्हणालो, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी, आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर एक तक्ता भरावा लागतो. कोण बोललं, कुठे, काय. त्यात एक रकाना असतो, कथेचा प्रकार. प्रोयेक्टला पारंपरिक कथा हव्या होत्या. माझ्याकडे होत्या नाक, कान, शेळी, लोणी आणि सात रेडे. मी रकान्यापुढे बराच वेळ बसलो. मग स्वतःला समजावलं, की बोललं कोण, अम्मा. भाषा कोणाची, अम्माची. शिवाय माझ्या आजोबांची थाप म्हणजे ती पण एका अर्थी परंपराच. आणि लिहिलं: 'पारंपरिक'. सात वेळा.

आमच्या प्राध्यापक बाई जर्मन, अतिशय प्रामाणिक. त्या तो सूर्य अडवणारा याक ऐकून दोन दिवस जेवल्या नाहीत. निदान मी लोकांना तसं सांगायचो. सात कथांचं एक चक्र आहे, असं त्यांना दिसलं. संत्र्यांवर तर त्यांनी एक अख्खं प्रकरण लिहायला घेतलं: डोंगरातल्या कथेत मैदानातलं फळ, म्हणजे ही फार जुन्या स्थलांतराची आठवण असणार. मला विचारायच्या, "तुमचं काय मत?" मी हनुवटीला हात लावून म्हणायचो, "शक्य आहे." आणि नागपूरहून संत्र्यांचं स्थलांतर माझ्या तोंडातून झालंय, हे गिळून टाकायचो. वर्षभरात मलाही ते जवळजवळ खरं वाटायला लागलं. थापाड्याचा हाच रोग. आधी इतरांना लागण होते, सगळ्यात शेवटी त्याला.

तर आता परत त्या खोलीत येऊ. आरडाओरडा ऐकून बाई कॉफीचा मग घेऊन दारात उभ्या होत्या. "काय झालं? काय म्हणतायत त्या?" त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं. त्यांना हिंदी येत नाही.

इथे मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. हसू तोंडावर तसंच ठेवून मी जर्मनमध्ये म्हणालो, "आजीचा आवाज ऐकून त्या भावनावश झाल्यात. असं होतं पुष्कळदा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळली.

"नाइन," ती म्हणाली. "असं मी म्हणाले नाही."

वृद्धाश्रमात काम करून आलेलं जर्मन. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलायची सवय, त्यामुळे एकेक शब्द सुटा, स्वच्छ, पलीकडच्या जिन्यापर्यंत पोचणारा. जी मुलगी जर्मन म्हाताऱ्यांना रोज औषधं समजावून सांगते, तिला जर्मन येत असेल, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. मी भाषेचा अभ्यासक.

"मी म्हणाले, ही गोष्ट माझ्या आजीची नाही. आमच्या गावात संत्री होत नाहीत. आमच्या घराची गोष्ट अशी नाही, एवढं तरी मला माहीत आहे. आणि हे परत दिलेल्या गोष्टीसारखं सांगितलंय. सुरुवातीलाच ती म्हणते, 'पाहुण्याचं पाहुण्याला.' ते तुम्ही ऐकलं नाही का?"

ते सगळ्या सातही ध्वनिमुद्रणांच्या सुरुवातीला होतं. मास्तरांनी मला त्याचा अर्थ सांगितला होता. बाईंसाठी केलेल्या भाषांतरात मी ते 'पारंपरिक आरंभवाक्य' म्हणून घातलं होतं.

बाईंनी कॉफीचा मग टेबलावर ठेवला. "आल्झो," म्हणजे तर मग, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जर्मन माणूस आल्झो म्हणून थांबला, की पुढचं वाक्य आपल्याला बोलायचं असतं.

मी सांगितलं. आजोबा, रेडा, गिरणीचा भोंगा, रकाना. अम्मानंतर पहिल्यांदाच मी ती गोष्ट सांगत होतो आणि कोणी हसत नव्हतं. मध्येच सवयीने एका ठिकाणी मी कोंबड्यांची नक्कल करायला हात वर केला, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना.

बाई ओरडल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "संत्र्यांचं प्रकरण उद्या छपाईला जाणार होतं," त्या म्हणाल्या. "उद्या नऊ वाजता माझ्याकडे भेटीची टेरमीन घ्या." आणि मग, तिचं नाव घेऊन, "फ्राउ" लावून, त्या मुलीची क्षमा मागितली. संस्थेच्या वतीने. तिथे क्षमा मागायला हवी असा माणूस मी एकटा होतो, आणि मी यंत्राची वायर गुंडाळत होतो.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. ते प्रकरण बाईंनी मागे घेतलं. सात तक्ते मी पुन्हा भरले, स्वतःच्या हाताने, आणि प्रकाराच्या रकान्यात काय लिहिलं ते कोणीही जाऊन पाहू शकतं. नोकरी राहिली. राहिली नसती तर निदान त्यावर एखादी बरी गोष्ट झाली असती.

पण त्या दुपारी मुलगी गेली नाही. बाई गेल्यावर ती परत खुर्चीत बसली.

"बाकीचं ऐकवा," ती म्हणाली. "सगळं. कुठेतरी सांगितली असेल तिने."

मलाही वाटलं, असेल. सगळं काढलं. नाक, कान, शेळी, लोणी. आकडे. नातेवाइकांना काय म्हणतात ते. 'नात' हा शब्द अम्मा तीनदा उच्चारते, कारण मी तीनदा विचारला होता. मुलीने तिथे यंत्र थांबवलं, मागे नेलं, परत ऐकलं. पुढे काही नव्हतं. घराची गोष्ट नव्हती.

"गोष्टी संपल्यावर काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही. गप्पा. ते आम्ही लिहून घेत नाही."

ते खरं होतं. आमच्या कामाची ती पद्धतच आहे. गोष्ट जिथे संपते तिथपर्यंत लिहून घ्यायचं, मागची चहाची भांडी, खोकला, यंत्र बंद करायची खटपट, ते शेपूट सोडून द्यायचं. मी तर त्यावर शेरा मारला होता: 'गप्पा, नोंद अनावश्यक.'

"लावा."

मी पहिल्या दिवसाचं शेपूट लावलं. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज. मग अम्मा एक वाक्य बोलते, सावकाश, जसं ताट पुढे सरकवावं तसं. मग मास्तर हिंदीत मला सांगतात, "विचारतेय, अजून आहेत का." आणि मग मी, काय तो आनंदी आवाज, "भरपूर आहेत, अम्मा."

मुलीने हेडफोन एका कानावरून सरकवला. "ती असं नाही विचारत," ती म्हणाली. "ती विचारते, पाहुण्या, तुझी पोतडी रिकामी झाली का."

"म्हणजे तेच ना?"

"पाहुणा म्हणतो, झाली. मग घरची बाई तिची पोतडी उघडते. तो म्हणेपर्यंत तिने उघडायची नसते."

मास्तर त्याच गावचे. त्यांना वाटलं असणार, एवढं तर कुणालाही कळतं. लामाच्या जागेवर बसणाऱ्याला तर नक्कीच.

दुसऱ्या दिवसाचं शेपूट लावलं. तेच वाक्य. "अजून आहेत, अम्मा." तिसऱ्या दिवशी मी म्हणतो, "आत्ता कुठे सुरुवात आहे." चौथ्या दिवशी अम्मा जरा थांबून विचारते, आणि मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो हो म्हणतो, कारण मला ते वाक्य आता ओळखीचं झालंय आणि मला वाटतंय, म्हातारीला माझ्या गोष्टींचं वेड लागलंय. हे मी नंतर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत स्टेजवर सांगितलं होतं, नक्कल करून. ती रोज मला विचारायची, अजून आहे का. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पाचवा. सहावा. प्रत्येक वेळी मुलगी हेडफोनवर हात दाबून ऐकत होती, जसं डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतो. सातव्या दिवशी अम्माने विचारलं, आणि मी म्हणालो, "अजून शंभर आहेत, अम्मा, पण उद्या रस्ता उघडतोय. पुढच्या वर्षी येऊन सांगतो." मग अम्मा काहीतरी दोनच शब्द बोलते. मुलीने ते भाषांतर करून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "बरं. चहा घे."

पुढच्या वर्षी मी गेलो नाही. दुसरा प्रोयेक्ट होता, दुसरी दरी, दुसरी चूल.

तिला सोडायला मी स्टेशनवर गेलो. तिने नको म्हटलं होतं, तरी गेलो. पेन ड्राइव्हवर सगळं घालून दिलं होतं, शेपटांसकट. गाडीला वीस मिनिटं उशीर होता, मग पस्तीस झाली. ती बॅग मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी आधी चहा विचारला, मग कॉफी, मग सॅंडविच. काहीच नको होतं. मी उभा राहून एकदा पाटी वाचत होतो, एकदा घड्याळ.

शेवटी जे पोटात होतं ते बाहेर पडलं. खरं तर मला क्षमा मागायची होती, पण मला सरळ वाक्य येत नाही, त्यामुळे निघालं ते असं: "तिने मला एकदा तरी थांबवायचं होतं, बेटा. म्हणायचं होतं, बस झालं, आता मी सांगते. मी गप्प बसलो असतो. खरंच बसलो असतो."

गाडी आली. ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली.

"तुम्ही म्हणालात, अजून आहेत," ती म्हणाली.